घटक ७ : केस गमावण्याचा अनुभव – साहित्य आणि चित्रपट यांतील आविष्कार

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
● केसांविषयीच्या मराठी शब्दांत आणि वाक्प्रचारांत कोणते सामाजिक अर्थ साठलेले आहेत, ते सांगता येईल.
● केस काढले जाणे, केसांचा त्याग करणे आणि केस गळणे या तीन अनुभवांतील भेद स्पष्ट करता येईल.
● निवेदक बदलला की एकाच अनुभवाचा अर्थ कसा बदलतो, हे साहित्यकृतींच्या आधारे मांडता येईल.
● विनोदी चित्रपटातील हास्याचे चिकित्सक परीक्षण करता येईल.
● एखादी कृती वाचकाला धीर का देते, या प्रश्नाची चर्चा करता येईल.

७.२ प्रस्तावना

मागील घटकात आपण साहित्य आणि वाचक यांच्या नात्याचा विचार केला. वाचक आपल्या अनुभवाची खूण कलाकृतीत शोधत असतो, हे आपण पाहिले. या घटकात तोच विचार एका विशिष्ट अनुभवाच्या संदर्भात पुढे न्यावयाचा आहे. हा अनुभव म्हणजे केस गमावणे.

विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. केस गेल्याने जिवाला अपाय होत नाही, असे सहज म्हटले जाते. परंतु चाई पडलेली शाळकरी मुलगी, कर्करोगावरील औषधोपचारांनी केस गमावलेली गृहिणी आणि पंचविशीतच कपाळ मागे सरकलेला तरुण यांना विचारल्यास उत्तर वेगळे मिळेल. आरशातला आपला चेहरा अनोळखी होणे आणि समोरच्याची नजर आपल्या डोळ्यांऐवजी डोक्यावर स्थिरावणे, या दोन्ही गोष्टी माणसाच्या स्वप्रतिमेला धक्का देतात. आपल्यापैकी काहींनी हा अनुभव स्वतः घेतला असेल, काहींनी घरात पाहिला असेल. अशा वाचकाला साहित्य व चित्रपट काय देऊ शकतात, आणि काही वेळा त्याच्यावर अन्याय कसा करतात, हे पाहणे हा या घटकाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण तीन अवस्था वेगळ्या करू. पहिली, दुसऱ्याने बळाने केस काढण्याची. दुसरी, स्वेच्छेने केस त्यागण्याची. तिसरी, वय, आनुवंशिकता वा आजार यांमुळे केस गळण्याची. या तीन अवस्था एकसारख्या नाहीत. विधवेचे केशवपन हा सामाजिक अत्याचार होता, तर केस गळणे ही शारीरिक घटना आहे. त्यांची बरोबरी करणे योग्य होणार नाही. तथापि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : केसांच्या अभावाला समाज स्वतःचा अर्थ चिकटवतो आणि तो अर्थ त्या व्यक्तीला वागवावा लागतो.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ भाषेत साठलेला अर्थ

मराठीत केस हे अनुभवाचे, अब्रूचे आणि जिव्हाळ्याचे चिन्ह आहे. ‘हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा केसांची पांढरी छटा अनुभवाचा दाखला ठरते. ‘केसालाही धक्का लागू देणार नाही’ या आश्वासनात केस हा शरीराचा सर्वांत नाजूक अंश म्हणून येतो. ‘केसाने गळा कापणे’ यात विश्वासघाताची सूक्ष्मता आहे.

केस नसण्यासाठी मात्र भाषेचा सूर पालटतो. ‘टकला’, ‘टकलू’ हे शब्द थट्टेचे आहेत. ‘खल्वाट’ हा संस्कृत शब्द मराठीत आला तो बहुधा विनोदी वा उपरोधिक लेखनात. ‘बोडकी’ हा शब्द केशवपन झालेल्या विधवेसाठी वापरला जाई आणि तो शिवीसारखा उच्चारला जाई. याउलट केस राखलेल्या विधवेसाठी ‘सकेशा’ असा शब्द होता. केसांच्या असण्यानसण्यावरून स्त्रीचे वर्गीकरण करणारे शब्द भाषेला घडवावे लागले, यावरूनच त्या रूढीची पकड ध्यानात येते.

आजारासाठीचे शब्द तुलनेने तटस्थ आहेत. आयुर्वेदात ‘इंद्रलुप्त’ व ‘खालित्य’ या संज्ञा आढळतात. बोलीतील ‘चाई’ हा शब्द डोक्यावर वा दाढीत गोल चकत्यांच्या रूपाने केस जाण्यासाठी रूढ आहे. ‘चाई पडली’ या वाक्यात दोष कोणाचाच नाही, केवळ घटना सांगितली आहे. ‘तो टकला झाला’ या वाक्यात मात्र ती घटनाच त्या माणसाची ओळख बनते. हा व्याकरणातील फरक लहान असला तरी परिणामाने मोठा आहे.

समजून घ्या
केस एका ठरावीक चक्राने वाढतात, विसावतात आणि गळतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक मानले जाते. पुरुषांत सामान्यतः आढळणारे टक्कल आनुवंशिकता व संप्रेरके यांच्याशी निगडित असते. चाईमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. कर्करोगावरील काही औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींना लक्ष्य करतात. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असल्याने केस जातात, आणि उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात. यांपैकी कोणतीही गोष्ट स्पर्शाने पसरत नाही. ही माहिती ठाऊक असलेल्या वाचकाला साहित्यातील व चित्रपटांतील गैरसमज चटकन ओळखता येतात.

७.३.२ काढलेले केस : केशवपन आणि मराठी गद्य

मराठी कादंबरीचा आरंभच विधवांच्या प्रश्नाने झाला. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण करणारी कादंबरी होय. परंतु केशवपनाची वेदना मराठी वाचकाच्या मनावर कायमची कोरली ती हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीने. आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचे निवेदन नायिका यमू स्वतः करते. बालपण, विवाह, मुंबईतील सुधारक पतीबरोबरचे थोडे सुखाचे दिवस आणि मग वैधव्य, असा तिचा प्रवास आहे. शंकरमामंजी तिचे केशवपन बळाने घडवून आणतात. येथे कथनतंत्राचा विशेष लक्षात घ्या. यमूला आपण शेकडो पृष्ठे ऐकत आलेलो असतो. तिचे हट्ट, तिचे वाचन, तिची थट्टामस्करी आपल्याला परिचित असते. त्यामुळे तिच्या डोक्यावर वस्तरा फिरतो तेव्हा वाचकाला ती ‘एक विधवा’ म्हणून दिसत नाही, ओळखीची मुलगी म्हणून दिसते. हीच घटना तृतीयपुरुषी निवेदनात, एखाद्या वृत्तान्तासारखी आली असती, तर दया उत्पन्न झाली असती. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचक त्या प्रसंगाचा साक्षीदार होतो, आणि कादंबरीच्या शीर्षकातील प्रश्न थेट त्याला विचारला जातो.

या कादंबरीला समकालीन चळवळीची पार्श्वभूमी होती. गोपाळ गणेश आगरकरांनी या रूढीवर लेखणी चालविली होती. १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार तेथे व्यक्त झाला. ज्यांच्या हातून हे कृत्य करवून घेतले जाई, त्यांनीच ते नाकारले, ही सामाजिक इतिहासातील लक्षणीय घटना होय.

कादंबरीतील यमूला केस परत मिळत नाहीत. आत्मचरित्रात मात्र वेगळी शक्यता दिसते. पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ (१९२८) हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या त्या भगिनी. तरुणपणी वैधव्य आले, केशवपन झाले. पुढे त्यांनी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगावी निधी गोळा केला, परदेशप्रवास केला आणि केशवपनाची रूढी सोडून केस वाढविले. एका प्रौढ स्त्रीने आपल्या डोक्यावर काय असावे हे स्वतः ठरविणे, एवढी ही साधी गोष्ट आहे. त्या काळात तिला मोठे धैर्य लागले.

शेजारच्या कन्नड परंपरेतही हा विषय समर्थपणे आला आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवर आधारित गिरीश कासारवल्ली यांचा ‘घटश्राद्ध’ (१९७७) आणि एम. के. इंदिरा यांच्या कादंबरीवरून प्रेमा कारंत यांनी केलेला ‘फणियम्मा’ (१९८३) हे चित्रपट तुलनात्मक अभ्यासासाठी अवश्य पाहावेत.

आपली प्रगती तपासा – १
(१) ‘बोडकी’ आणि ‘सकेशा’ या शब्दांतून कोणती सामाजिक दृष्टी व्यक्त होते?
(२) ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील प्रथमपुरुषी निवेदनाचा परिणाम चार-पाच वाक्यांत लिहा.

७.३.३ त्यागलेले केस, विरळ झालेले केस : थेरीगाथा

नागपूरच्या विद्यार्थ्याला मुंडन केलेले डोके अनोळखी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दीक्षाभूमीच्या परिसरात चीवर परिधान केलेले, केस उतरविलेले भिक्खू व भिक्खुणी दिसणे ही नित्याची बाब आहे. श्रामणेर शिबिरात काही दिवसांसाठी केस उतरविणारी मुलेही आपण पाहतो. त्यांच्याकडे पाहून कोणी हसत नाही. केस नसण्यात मुळात हास्यास्पद असे काही नाही, हास्य आपण त्याला जोडतो, याचा हा रोजचा पुरावा होय.

पाली साहित्यातील ‘थेरीगाथा’ हा बौद्ध भिक्खुणींच्या काव्याचा संग्रह आहे. त्यात वैशालीच्या आम्रपालीची, म्हणजे अंबपालीची, गाथा आहे. एकेकाळी सौंदर्यासाठी ख्यात असलेली ही गणिका वृद्धपणी आपल्या शरीराचे एकेक अवयव घेऊन पूर्वी व आता अशी तुलना करते. या तुलनेचा आरंभ केसांपासून होतो. पूर्वीचा काळेभोर रंग, कुरळेपणा, फुलांचा सुगंध, अलंकारांनी नटलेल्या वेण्या यांचे ती वर्णन करते, आणि प्रत्येकासमोर आजची स्थिती ठेवते : रंग गेलेला, पोत राठ झालेला, ठिकठिकाणी विरळ, अखेर टक्कल.

या गाथेचे सामर्थ्य कशात आहे? अंबपाली गतसौंदर्याला तुच्छ लेखत नाही, जुन्या केसांचे वर्णन ती रसिकतेने करते. आजची अवस्थाही ती लपवत नाही. दोहोंमध्ये ती एकच सत्य पाहते, ते म्हणजे अनित्यता. केस गमावलेल्या वाचकाला पुष्कळदा सांगितले जाते की, ‘केसांत काय आहे? मन सुंदर असावे.’ हा उपदेश त्याचे दुःखच नाकारतो. अंबपाली तसे करीत नाही. जे होते ते सुंदर होते, ते गेले, आणि मी ते पाहते आहे, असा तिचा भाव आहे. दुःखाची दखल घेऊन केलेले सांत्वन आणि दखल न घेता केलेला उपदेश यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

याच्या शेजारी भर्तृहरीच्या ‘नीतिशतका’तील एक सुप्रसिद्ध श्लोक ठेवून पाहा. उन्हाने त्रासलेला खल्वाट मनुष्य झाडाच्या सावलीला जातो आणि वरून फळ पडून त्याचे डोके फुटते. दुर्दैव माणसाचा पाठलाग करते, हे कवीला सांगावयाचे आहे. तेथे टक्कल हे दृष्टान्ताचे साधन आहे. त्या माणसाला नाव नाही, शब्द नाही. वाचक फळ पडताना पाहतो, वेदना पाहत नाही. अंबपाली स्वतः बोलते, भर्तृहरीचा खल्वाट बोलत नाही. दोन्ही रचना श्रेष्ठ आहेत, परंतु केस गमावलेला वाचक त्यांपैकी कोणती जवळ करील, हे सांगावयास नको.

७.३.४ गळलेले केस आणि हास्य : अलीकडील चित्रपट

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणे सांगताना विकृत वेष व आकार यांचा उल्लेख येतो. पडद्यावरील टकला नोकर, टकला सावकार, भर सभेत उडालेला टोप ही सारी पात्रे व प्रसंग या जुन्या परंपरेतले आहेत. नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेदही सांगितले आहेत. पात्र स्वतः हसते ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसविते ते परस्थ. या भेदाचा आधार घेऊन आपण एक प्रश्न तयार करू : ज्याच्या डोक्यावर केस नाहीत, त्याला या हास्यात सामील होता येते काय?

गेल्या काही वर्षांत केस गळणे हाच ज्यांचा मुख्य विषय आहे, असे चित्रपट आले. राज बी. शेट्टी यांच्या ‘ओंदु मोट्टेय कथे’ (२०१७) या कन्नड चित्रपटाचा नायक मंगळुरूत कन्नड शिकविणारा, टक्कल पडलेला, लग्नाळू प्राध्यापक आहे. त्यावरूनच ‘उजडा चमन’ (२०१९) हा हिंदी चित्रपट तयार झाला. अमर कौशिक दिग्दर्शित ‘बाला’ हाही त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात प्रदर्शित झाला. शिवाय ‘गॉन केश’ (२०१९) या चित्रपटात सिलिगुडीतील एका मुलीचे केस आजारामुळे जातात. नृत्याची आवड असलेल्या या मुलीच्या घराची होणारी ओढाताण तेथे दिसते.

‘बाला’ची रचना अभ्यासण्याजोगी आहे. कानपूरचा हा नायक शाळेत असताना आपल्या दाट केसांच्या गर्वात टकल्या शिक्षकांची टिंगल करतो, सावळ्या मैत्रिणीला हिणवतो. मोठेपणी त्याचेच केस जातात. नोकरीत तो गोरेपणाचे मलम विकतो, आणि टोप घालून लग्नही करतो. म्हणजे जो दुसऱ्यांच्या न्यूनगंडावर पोट भरतो, तोच स्वतःच्या न्यूनगंडाने पोखरला जातो. पत्नीला सत्य कळल्यावर ती त्याला सोडून जाते. चित्रपट तिला खलनायिका ठरवत नाही. तिच्याशी लपवाछपवी झाली, हे तो मान्य करतो. अखेरीस नायक लोकांसमोर टोप काढतो. येथे हास्य परस्थाकडून आत्मस्थाकडे सरकते : आरंभी प्रेक्षक त्याला हसतो, शेवटी त्याच्याबरोबर हसतो.

तरीही एक आक्षेप नोंदविला पाहिजे. सावळ्या रंगाविषयीच्या पूर्वग्रहावर बोट ठेवणाऱ्या या चित्रपटात सावळ्या नायिकेसाठी अभिनेत्रीचा चेहरा रंगभूषेने काळवंडविला गेला, आणि त्यावर टीका झाली. एका न्यूनगंडाची समज असलेली कृती दुसऱ्याबाबत बेफिकीर राहू शकते. चिकित्सक वाचकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात.

आणखी एक निरीक्षण. पुरुषाच्या टकलाची कथा बहुधा विनोदी असते आणि ती लग्नाभोवती फिरते. स्त्रीच्या केस जाण्याची कथा विनोदात सहसा मावत नाही, कारण तिच्या बाबतीत लज्जा, अशुभ आणि वैधव्य यांचे जुने अर्थ अजून पुसले गेलेले नाहीत. केशवपनाचा इतिहास आपण याच घटकात अभ्यासला, त्याचे एक कारण हे आहे.

राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) हा मराठी चित्रपट या चर्चेची दुसरी बाजू दाखवितो. राजन गवस यांच्या लेखनावर आधारलेल्या या चित्रपटात सुलीच्या केसांत जट होते. तो देवीचा संकेत मानून तिला जोगतीण केले जाते. तेथे केस गेलेले नाहीत, उलट ते कापण्याची मुभा नाही. केस असोत वा नसोत, त्यांचा अर्थ इतरांनी ठरविला की माणसाचे आयुष्य हातचे जाते, हे सूत्र येथेही कायम आहे.

७.३.५ बातमीची भाषा : शेगाव तालुक्यातील घटना

नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर शेगाव हे स्थानक आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या बोंडगाव, कालवड आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच डोकी उघडी पडली. स्त्रिया, पुरुष, मुले, सर्वांनाच हा त्रास झाला. आरोग्य खात्याची व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावांत आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढल्याचे आढळले, आणि त्यांनी रेशनवर आलेल्या गव्हाकडे लक्ष वेधले.

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे एका शब्दाकडे पाहावे. कारण कळण्यापूर्वीच या घटनेला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले आणि ते बातम्यांतून सर्वत्र गेले. ‘व्हायरस’ म्हटले की संसर्ग आला, संसर्ग म्हटला की दूर राहणे आले. ज्यांनी सरकारमान्य दुकानातले धान्य खाल्ले होते, ते शब्दाच्या बळावर इतरांसाठी धोकादायक ठरले. ‘टक्कल’ या शब्दातील थट्टा आणि ‘व्हायरस’मधील भीती यांचा तो संयोग होता. या गावांतील माणसांची गोष्ट यमूसारख्या प्रथमपुरुषी निवेदनात अद्याप लिहिली जावयाची आहे. ती लिहिणारा कदाचित विदर्भातील एखाद्या अभ्यासकेंद्रातला विद्यार्थी असेल.

आपली प्रगती तपासा – २
(१) अंबपालीची गाथा आणि भर्तृहरीचा श्लोक यांतील निवेदनाचा भेद सांगा.
(२) ‘टक्कल व्हायरस’ या शब्दप्रयोगाचे भाषिक परीक्षण करा.

७.४ सारांश

केस गमावण्याचा अनुभव साहित्यात व चित्रपटांत तीन रूपांनी येतो. केशवपनाच्या रूपाने तो मराठी गद्याच्या केंद्रस्थानी आला. हरिभाऊंनी त्याला यमूचा आवाज दिला आणि पार्वतीबाईंनी स्वतःचा. थेरीगाथेत अंबपाली गेलेल्या सौंदर्याची दखल घेत अनित्यता स्वीकारते. अलीकडील चित्रपटांनी टकलावरील परंपरागत हास्याची दिशा बदलण्याचा प्रयत्न केला, त्यात काही मर्यादा राहिल्या. या सर्व कृतींच्या तुलनेतून एक निकष हाती येतो : ज्या कृतीत केस गमावलेली व्यक्ती स्वतः बोलते आणि तिचे दुःख खरे मानले जाते, ती कृती वाचकाला आपली वाटते. दुःख नाहीसे करण्याचे सामर्थ्य तिच्यात नसेलही, परंतु त्या दुःखातील एकटेपण ती कमी करते.

७.५ शब्दार्थ

केशवपन – वस्तऱ्याने डोक्यावरील केस काढणे. सकेशा – केस राखलेली विधवा. खल्वाट – टक्कल पडलेला. टोप – कृत्रिम केसांचे शिरोवेष्टन. जट – गुंता होऊन घट्ट चिकटलेले केस. चीवर – बौद्ध भिक्खूचे वस्त्र. थेरी – ज्येष्ठ भिक्खुणी. अनित्यता – सर्व गोष्टी बदलतात व सरतात हे तत्त्व.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
(१) काढलेले, त्यागलेले आणि गळलेले केस या तीन अवस्थांतील साम्यभेद योग्य कृतींच्या आधारे स्पष्ट करा.
(२) ‘सांत्वन आणि उपदेश यांत अंतर आहे’ या विधानाची चर्चा करा.

(आ) टिपा लिहा
(१) ‘माझी कहाणी’चे महत्त्व (२) ‘बाला’मधील हास्य (३) पुरुषाचे टक्कल आणि स्त्रीचे केस : कथनातील भेद

(इ) विचार करा
भिक्खुणी होताना केस उतरविले जातात. मग अंबपाली आपल्या वृद्धपणीच्या केसांचे वर्णन का करीत असावी? हा विरोधाभास काव्याच्या दृष्टीने कसा समजून घ्याल?

७.७ उपक्रम

(१) आपल्या परिसरातील वऱ्हाडी, झाडीबोली वा नागपुरी बोलीत केस असण्या-नसण्याविषयी कोणते शब्द, म्हणी व टोपणनावे आहेत, ते वयस्क व्यक्तींना विचारून नोंदवा. त्यांपैकी तटस्थ कोणते, थट्टेचे कोणते, अवमानकारक कोणते, अशी विभागणी करा.
(२) केस गमावलेल्या एखाद्या व्यक्तीशी, तिची संमती घेऊन, संवाद साधा आणि तिचा अनुभव प्रथमपुरुषी निवेदनात तीनशे शब्दांत लिहा. नाव व ओळख उघड करू नका. लिहिलेला मजकूर त्या व्यक्तीला प्रथम वाचून दाखवा, तिने सुचविलेले बदल करा आणि मगच तो अभ्यासकेंद्रावर सादर करा.